करड्या घराचं तोंड

आम्ही जयपूरला गेलो तेव्हा मी अकरावीत होते. वडील रेल्वेत, पार्सल ऑफिसात. बदली झाली, पण रेल्वेचं क्वार्टर मिळायला बराच अवकाश होता, म्हणून त्यांनी जुन्या शहरात, परकोटाच्या, म्हणजे तटबंदीच्या, आतल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घर शोधायला कुणालाच त्रास पडायचा नाही. गल्लीतली बाकीची सगळी घरं गेरूच्या रंगाची, कुठे फिकी, कुठे गडद, आणि त्यांच्या मधोमध एकच करडं. वडील पत्ता सांगताना गल्लीचं नाव सांगायचे आणि पुढे म्हणायचे, "करडं घर विचारा, कुणीही दाखवेल."

त्या घराला सिमेंटचा दाणेदार गिलावा होता. सिमेंटात बारीक बजरी कालवून ती भिंतीवर फेकून मारलेली. कधी काळी ती मोठी फॅशन होती म्हणे. आम्ही गेलो तोवर खिडक्यांच्या खाली पाण्याचे काळे ओघळ उतरले होते, छज्ज्याच्या खाली गिलाव्याला भेगा पडल्या होत्या, आणि दारातून आत जाताना कोपर जरा जरी घासलं तरी सालटं निघायचं. आईच्या लुगड्याचा धागा पहिल्याच दिवशी त्या बजरीत अडकला. तो सोडवता सोडवता ती मान वर करून त्या भिंतीकडे पाहत राहिली.

"एवढं सुंदर गाव," ती म्हणाली, "अन् आपल्याच नशिबी हे थोबाड आलं का?"

आई अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बोलायची वऱ्हाडीच. हिंदी तिला समजायची, पण बोलताना ती वऱ्हाडीच हिंदीसारखी बोलायची, आणि आश्चर्य म्हणजे लोकांना कळायची.

घराच्या मालकीणबाई खाली राहत. साठी ओलांडलेल्या, विधवा, अंगाने किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. मुली लग्न होऊन गेलेल्या, एकुलता एक मुलगा कलकत्त्याला व्यापारात. आम्ही त्यांना माजी म्हणायचो. घर घेतानाच वडिलांनी त्यांना सांगून टाकलं होतं की आम्ही बौद्ध आहोत. मागाहून कळून घर सोडायची वेळ आमच्यावर पूर्वी एकदा आली होती, ती पुन्हा नको होती. माजी म्हणाल्या, "ऊपर का नल अलग है." एवढंच. होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याचा अर्थ आम्हाला कळला आणि आम्ही सामान टाकलं. वर आमचा नळ, खाली त्यांचा माठ. येता-जाता बोलणं व्हायचं, कपड्यांवर, भाजीवर, हवेवर. पण त्या कधी जिना चढून वर आल्या नाहीत आणि आईने कधी त्यांचा उंबरा ओलांडला नाही.

त्याच वर्षी, एक्क्याऐंशीच्या जुलैत, जयपुरात तो भयंकर पाऊस झाला. वाळवंटाच्या कडेचं हे गाव. इथल्या लोकांना पाण्याची वाट पाहायची सवय, पाण्यापासून पळायची नाही. सखल भागांत घरं बुडाली. आमची गल्ली उंचावर, म्हणून पाणी नुसतं धावत निघून गेलं. घर वाचलं असं सगळे म्हणाले. पण भिंत ते पाणी प्यायली होती. भेगांतून आत गेलेल्या पाण्याला सिमेंट बाहेर येऊ देईना. दसऱ्याच्या सुमाराला दाराच्या डाव्या अंगाला गिलावा फुगायला लागला. आतून कुणी खांदा लावून ढकलतंय असं वाटावं, इतकं पोट पुढे आलं.

आणि एका सकाळी ते पोट फुटलं. मी वर केस विंचरत होते. धाडकन आवाज आला आणि पाठोपाठ वडिलांच्या सायकलची घंटी वाजली. खाली धावले तर सायकल गिलाव्याच्या ढिगाखाली, वडील दोन हात दूर, चपलेत एक पाय घातलेला, दुसरा अनवाणी. मेजाचा वरचा फळा असावा तेवढा मोठा तुकडा पडला होता. वडिलांनी चपलेचा पट्टा लावायला वाकायला वेळ घेतला म्हणून वाचले. आईने त्यांना धरून धरून सगळीकडून तपासलं. माजी दारात उभ्या होत्या. त्यांचं लक्ष ना सायकलकडे, ना वडिलांकडे. जिथून तुकडा निसटला होता त्या ओल्या, पांढुरक्या भोकाकडे त्या टक लावून बघत होत्या.

दिवाळीला मुलगा आला. त्याने बोटांनी भिंत वाजवून पाहिली, सगळीकडे पोकळ आवाज आला. त्याच्याबरोबर एक ठेकेदार होता. ठेकेदाराने पिशवीतून टाइलचा नमुना काढला, आकाशी रंगाची, चकचकीत. न्हाणीघरात लावतात तसली. "वरून हेच लावून टाकू," तो म्हणाला, "खालचं झाकून जाईल, धुतलं की पुन्हा नवं." मुलाला पटलं. होळीनंतर काम सुरू करायचं ठरलं. माजींनी ती टाइल हातात घेतली, उलटीपालटी केली आणि चबुतऱ्यावर ठेवून दिली.

मुलगा कलकत्त्याला परत गेला. त्यानंतरच्या एका दुपारी मी कॉलेजातून घरी येत होते, तर माजी दारापाशी उकिडव्या बसून खुरप्याने भिंत खरवडत होत्या. डोक्यावरचा पदर घसरलेला, सगळ्या अंगावर करडी धूळ.

"माजी, काय करताय?" मी हिंदीत विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. पकडलं गेल्यासारखं त्यांना वाटलं असावं. मग खुरपं खाली ठेवून त्यांनी मला जवळ बसवलं आणि एक गोष्ट सांगितली. ती मी त्यानंतर पुष्कळांना सांगितली आहे, पण त्यांनी सांगितली तशी मला कधी जमली नाही.

लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा माझ्याहून पुष्कळ लहान होत्या. चुनरीचा घुंघट छातीपर्यंत. समोरचं काही दिसत नव्हतं, पायाखालचं तेवढं दिसायचं. दारात बायका गात होत्या, कुणीतरी पाठीवर हात ठेवून पुढे ढकलत होतं. उंबऱ्याशी आल्यावर त्यांनी बाजूला जरा डोकं वळवलं, तर भिंतीच्या आतून कुणीतरी लाल कपड्यातली त्यांच्याकडे येत होती. त्या थांबल्या, तीही थांबली. त्यांना वाटलं, या घरात आणखी एक नवी नवरी आहे. आपण एकट्या नाही, या विचाराने त्यांना इतका धीर आला की त्या उंबरा ओलांडून आत गेल्या. ती भिंत होती. दाराच्या दोन्ही अंगांना आणि वरच्या कमानीला चुन्याची आराइश, म्हणजे घोटीव गिलावा, केलेली होती, इतकी घोटलेली की माणूस दिसायचं.

"फिर?" मी म्हणाले.

फिर काय. पुढे कित्येक वर्षांनी नवऱ्याला सिमेंटचं वेड लागलं. स्टेशन रोडवर नवे बंगले होत होते, त्यांना असला दाणेदार गिलावा. त्याने घराचं सगळं तोंड लिंपून घेतलं. माणूस वाईट नव्हता, त्या दोनदा म्हणाल्या. त्याला घर नवं करायचं होतं, आपल्या बायकोने नव्या घरात राहावं असं वाटत होतं. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्या काही बोलल्या नाहीत.

हे सांगून झाल्यावर त्यांनी कपडे झटकले आणि मला म्हणाल्या, "चल छोरी, फोन लगा दे."

फोन कोपऱ्यावरच्या किराण्याच्या दुकानात होता. ट्रंक कॉल लागायला दुपार गेली. आम्ही दोघी गुळाच्या ढेपांशेजारी बाकड्यावर बसून राहिलो. शेवटी कलकत्ता लागलं आणि माजी रिसीव्हर तोंडासमोर दोन्ही हातांनी धरून ओरडल्या, "टाइल कोनी लागै!" पलीकडून मुलगा काय म्हणतोय ते त्यांनी ऐकलंच नाही. तेवढं एकच वाक्य पुन्हा एकदा ओरडून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हणाले, "भैया, टाइल लागणार नाहीत," आणि तेही मराठीत. दुकानदार हसू लपवायला पोत्यांमागे गेला.

मग आला चेजारा. तिकडे गवंड्याला चेजारा म्हणतात. माणूस बगरूकडचा, वयस्कर, मिशांना मेंदी लावणारा, आणि अतिशय बोलका. आपण कोणकोणत्या हवेल्या घोटल्या याची यादी तो न विचारता सांगायचा. माजींशी त्याचं पहिल्या तासात भांडण झालं आणि ते काम संपेपर्यंत चाललं. दोघांनाही त्यात मजा येत होती असं आईचं मत.

त्याच्या माणसांनी परांची बांधली आणि छिन्नी-हातोड्याने गिलावा उतरवायला घेतला. आम्ही सगळे अधीर झालो होतो. मी तर कॉलेजातून पळत यायची. मला वाटत होतं की सिमेंट निघालं की खालची ती चकाकणारी भिंत जशीच्या तशी बाहेर येईल, साल काढलेल्या केळ्यासारखी.

तसं झालं नाही. सिमेंट निघालं आणि मी जवळ जाऊन पाहिलं. देवीच्या व्रणांनी भरलेला चेहरा असतो तशी सगळी भिंत. बोटाच्या पेरापेरावर छिन्नीचे घाव मारलेले. गुळगुळीत आराइशीवर सिमेंट बसत नाही, घसरून पडतं, म्हणून त्या वेळच्या गवंड्यांनी आधी सगळी भिंत टोचून खडबडीत करून घेतली होती. चेजाऱ्याने छिन्नी खाली ठेवली. माजी चबुतऱ्यावर बसल्या.

"आवाज यायचा," त्या म्हणाल्या. "मी चुलीपाशी होते. सकाळपासून टक टक, टक टक. मला वाटलं, खुंटी मारतायत."

मग चेजाऱ्याने उगाच काहीतरी करायचं म्हणून दाराशेजारची विजेच्या मीटरची जुनी लाकडी फळी उचकटली. ती फळी सिमेंटच्याही आधीची होती. गवंड्यांनी तिच्या कडेकडेने गिलावा मारला होता, ती काढायचे कष्ट घेतले नव्हते. फळी निघाली, कोळ्याची जाळी निघाली, चेजाऱ्याने खांद्यावरच्या फडक्याने ती जागा पुसली. आणि एकदम म्हणाला, "आओ, आओ, देखो."

ताटाएवढा एक तुकडा शाबूत राहिला होता. मी वाकून पाहिलं. रंग अंड्याच्या आतल्या बाजूसारखा. आणि त्यात माझं नाक, माझी वेणी, माझ्या मागचं आभाळ. आरशात दिसतं तसं नाही, पाण्याखाली दिसतं तसं, खोल, मऊ. मी बोट लावलं. थंडगार. चुना आणि वाळू यांच्यापासून माणसांनी नुसत्या हातांनी हे केलं होतं आणि ते अंधारात, लाकडी फळीमागे, इतकी वर्षं कुणी न बघता तसंच चकाकत राहिलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. त्या वयात मला आमेरचा किल्ला पाहून तसं झालं नव्हतं.

आई जिन्यात उभी होती. तिला मी हाक मारली. ती आली, वाकली, बघत राहिली.

"हे भिंत हाय?" ती म्हणाली. "अन् यावर सिमेट फासलं?"

आराइश पुन्हा करता येईल, चेजारा म्हणाला, पण चुना आज विरघळवून उद्या लावायचा नाही. तो मुरला पाहिजे, जितका मुरेल तितका बरा. तोवर वरचं सगळं तोंड साध्या चुन्याच्या गिलाव्याने करून घेऊ, त्यावर गेरूचा रंग देऊ. दाराभोवतीची आराइश शेवटी, फाल्गुनात. माजींनी मान हलवली.

चुन्याच्या दोन मोठ्या नांदी बाहेरच्या चौकात, आमच्या जिन्याच्या तोंडाशी ठेवल्या गेल्या. रोज वरचं पाणी ओतून टाकायचं, नवं भरायचं, ढवळायचं. मधूनमधून दही घालायचं. माजींच्या कमरेला ते झेपेना. एके दिवशी त्यांनी खालूनच आईला हाक मारून विचारलं, पाणी तू बदलशील का? आईने लगेच हो म्हटलं. संध्याकाळी वडिलांना कळलं तेव्हा ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "चुन्याले चालते बरं, पाणी कोणाच्याही हातचं."

"चूप बसा," आई म्हणाली. पण तिलाही ते लागलं होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी त्यायच्यासाठी नाही करून राहिली. मले तो चुना पाह्याचा हाय."

आणि खरंच, हिवाळाभर ती त्या चुन्यात गुंतली. जयपूरची थंडी तिला सोसायची नाही, बोटं निळी पडायची, तरी सकाळी आधी नांदीपाशी. आधी तो नुसता खडबडीत लगदा होता. मग तो बारीक होत गेला. संक्रांतीला सगळं शहर पतंगांसाठी गच्च्यांवर चढलेलं असताना आईने मला खाली बोलावलं आणि हातातला गोळा दाखवला. लोण्यासारखा. त्यात तिने दोन बोटं फिरवली तर बोटांच्या रेषा त्यात उमटल्या, इतका बारीक. दह्याचा आंबूस वास केव्हाच गेला होता. "दही खाल्लं याने," ती कौतुकाने म्हणाली. "पोरी, हा दगड होता. दगडाचं लोणी झालं पाय." लहान बाळाला काही येऊ लागलं की आया ज्या स्वरात सांगतात, त्या स्वरात.

मधल्या काळात घराचं बाकीचं तोंड बदलून झालं होतं. करडा रंग गेला. गेरूचा रंग भिंतीवर चढला तेव्हा तो विटकरी दिसत होता, वाळल्यावर फिका, मायाळू गुलाबी झाला. गल्लीतली माणसं येता-जाता थांबायची. वडिलांची पंचाईत झाली. पत्ता काय सांगायचा?

मग फाल्गुन आला. थंडी उतरलेली, ऊन अजून चढलेलं नाही. चेजाऱ्याने आदल्या दिवशी दाराभोवतीचा खालचा थर घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे, तो थर ओला असतानाच, त्याने वरचा थर चढवायला घेतला: संगमरवराची भुकटी, मुरलेला चुना, आणि त्यावर नुसत्या चुन्याचा, कुंचल्याने दिलेला पातळ हात. त्याचे दोन भाऊबंद चौमूंला लग्नाला गेले होते, ते पहिल्या बसने येणार होते. तो त्यांच्या भरवशावर थर चढवत गेला. पहिली बस आली असेल, दुसरी आली असेल, भाऊबंद काही आले नाहीत.

उन्हं चबुतऱ्यावर उतरली तेव्हा मी वरून पाहिलं, तर तो माणूस एकटाच अकीकाचा दगड घेऊन भिंत घोटत होता, आणि माजी खालून त्याला बोलत होत्या. त्याने उलट उत्तर दिलं नाही, त्यावरूनच काहीतरी बिघडलंय हे मला कळलं.

"हे वाळलं की संपलं," तो हिंदीत म्हणाला. "ओलं आहे तोवर घोटायला हवं. एका दमात. मध्ये सांधा राहिला तर जन्मभर दिसेल. मला हात पाहिजेत, माजी. दोन हातांनी होणार नाही."

माजींनी पदर कमरेला खोचला. आणि जिन्याकडे तोंड करून पूर्ण ताकदीने ओरडल्या, "बिनणी! ओ बिनणी!"

बिनणी म्हणजे सून. त्या आईला आजवर "ऊपरवाली" म्हणायच्या. आई पोळपाट तसाच टाकून, पिठाच्या हातांनी खाली आली. मी तिच्या मागे. चेजाऱ्याच्या पिशवीत पाच-सहा अकीक होते, तपकिरी, तळहातात मावणारे, वापरून वापरून गुळगुळीत झालेले. त्याने आमच्या हातांना तेल चोळायला लावलं, एकेक दगड दिला आणि दाखवलं: जोर करायचा नाही, थांबायचं नाही, वरून खाली, आपल्या शेजारणीच्या हद्दीत थोडं शिरायचं. वडील रात्रपाळी करून आले होते, वर झोपले होते. आवाजाने उठून ते बनियनवरच खाली आले आणि काही न विचारता परांचीवर चढले. कमानीची बाजू त्यांच्याकडे गेली, ते उंच होते म्हणून.

सुरुवातीला काहीच होत नव्हतं. दगड फिरायचा, खर्र खर्र वाजायचा, भिंत पांढरी आणि मुकी. माझा खांदा भरून आला. चेजारा आमच्या मागून फिरत होता, कुठे सुकतंय दिसलं की चुन्याच्या पाण्याचा हलका हात देत होता आणि ओरडत होता, "रुको मत, रुको मत." आईला दोनदा बोलला, जोर करतेस म्हणून. ती मान खाली घालून तशीच घोटत राहिली. तिच्या शेजारी माजी. दोघींची कोपरं एकमेकींना लागत होती.

मग आवाज बदलला. मला तो क्षण अजून कानांत आहे. खर्र खर्र थांबलं आणि दगडाखालून एक बारीक, ओली चिरचिर यायला लागली. थोड्या वेळाने तीही गेली. दगड नुसता वाहायला लागला, हाताला काही लागेचना.

ऊन वर आलं होतं. माजींना तहान लागली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांचा माठ आत, हात कोपरापर्यंत चुन्याने माखलेले, आणि भिंत सोडता येत नव्हती. आमचा पितळी गडवा चबुतऱ्यावर होता, वडिलांसाठी मी भरून आणलेला. माजी आईला म्हणाल्या, "पाणी पिला दे."

आईने मला खूण केली, समोरच्या घरातल्या कुणाला तरी त्यांच्या माठाचं आणायला सांग.

"ये ही दे," माजी म्हणाल्या. "मेरे हाथ देख ना."

आईने आपले हात लुगड्याला पुसले, गडवा उचलला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. माजी तोंड उघडून, डोळे मिटून प्यायल्या. घोट घोट, पुष्कळ. थोडं पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. परांचीवर वडिलांचा दगड थांबला होता. "बाबूजी, रुको मत!" चेजारा ओरडला आणि तो पुन्हा फिरायला लागला.

दुपार कलली तेव्हा मला भिंतीत काहीतरी हलताना दिसलं. एक हिरवा डाग. वर जायचा, खाली यायचा. मी थोडी मागे सरकले आणि कळलं की तो आईच्या लुगड्याचा रंग आहे. त्याच्या शेजारी दुसरा, फिकट, माजींच्या ओढणीचा. मग हळूहळू त्या डागांना कडा आल्या, हात आले, डोकी आली. धुक्यातून दोघीजणी चालत आमच्याकडे येत होत्या, असंच वाटत होतं. मी आईकडे वळले. आई आधीच पाहत होती. घोटता घोटता तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

माजी थांबल्या. चेजाऱ्याने त्यांना रुको मत म्हटलं नाही. त्यांनी डोकं जरा बाजूला वळवलं, पाहिलं, आणि त्यांच्या गळ्यातून एक आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा कुणास ठाऊक. मग चुन्याच्या हातानेच त्यांनी घसरलेला पदर डोक्यावर ओढून घेतला. केसांना चुना लागला. आणि त्या पुन्हा घोटायला लागल्या.

शेवटी चेजाऱ्याने किसलेलं खोबरं फडक्यात बांधून ती पुरचुंडी सगळ्या भिंतीवरून फिरवली. त्या तेलाने चकाकी आत बसली. संध्याकाळचा उजेड गल्लीत आडवा आला आणि त्या दारापर्यंत पोचला. समोरच्या घराचा गुलाबी रंग, वरच्या आभाळाची पट्टी, विजेच्या तारेवरचे पोपट, सगळं त्या भिंतीत होतं. बायका बाहेर आल्या. कुणी हात लावला नाही. देवळात उभं राहावं तसे सगळे उभे होते. वडील परांचीवरून उतरून माझ्याजवळ आले. ते सहसा फार बोलायचे नाहीत.

"हे आपण केलं?" त्यांनी मला विचारलं. खरंच उत्तर हवं असल्यासारखं.

भाऊबंद तेव्हा आले, लग्नाचे फेटे तसेच डोक्यावर. बस बिघडली होती. त्यांनी भिंत पाहिली आणि चेजाऱ्याला विचारलं, कुणाची माणसं आणली होतीस? त्याने मिशांवरून हात फिरवला आणि आमच्याकडे बोट केलं.

त्या दिवसानंतर सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. माजी वर जेवायला कधी आल्या नाहीत. पण आई त्यांच्या स्वयंपाकघरात जायला लागली, आणि माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेऊन प्यायला लागली. कुणी बोलावलं, कधी बोलावलं, ते मला माहीत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "बोलावलं कोणी नाही. मी गेली."

उन्हाळ्यात मुलगा कलकत्त्याहून आला. रिक्षातून उतरला आणि बॅग हातात धरून दारासमोर उभा राहिला. त्याने ही भिंत जन्मात कधी पाहिलीच नव्हती. सिमेंट लागलं तेव्हा तो पाळण्यात होता. माजी आत होत्या, त्यांना तो आल्याचं कळलं नव्हतं. मी जिन्यातून पाहत होते. त्याने तळहात भिंतीवर ठेवला, बाहेर लूच्या उन्हाळी झळा वाहत होत्या आणि भिंत गार होती, तर तो दचकलाच. मग तो हात तिथेच ठेवून, एवढा मोठा सूटबूटवाला माणूस, त्याने आपला गालही तिथे टेकवला.